नावामागचं घर

॥ श्री ॥

चि. बाळास,


काल तुझ्या वडिलांचा फोन आला. आपल्या तालुक्यातल्या माजी सैनिकांची पुढची तुकडी दिल्ली आणि द्रासला निघते आहे आणि सोबतीला जाणाऱ्या पोरांमध्ये तू नाव दिलंस, हे ऐकून फार बरं वाटलं. बोलता बोलता तुझा प्रश्नही कळला. गेल्या खेपेला सगळी म्हातारी माणसं तिथं रडली म्हणतात; मग या वयात त्यांना तिथं न्यायचंच कशाला? प्रश्न मायेपोटी आला आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

पहिली गोष्ट, त्या रडण्याला तू त्रास समजू नकोस. लढाईत शेजारचा माणूस पडला तरी थांबता येत नाही. हुकूम पुढं जायचा असतो, मागं बघायला वेळ नसतो. हजेरीला एक नाव कमी पडतं आणि सकाळी पुन्हा कूच. मग कधीतरी सुट्टी मिळते, माणूस गावी येतो, आई दारात भाकरतुकडा ओवाळून टाकते. तिला काय सांगणार? पुढं लग्न, पोरंबाळं, शेती, पेन्शन. आत जे राहिलं ते पन्नास वर्षं तसंच राहतं. ते बाहेर यायचं तर गेलेल्याचं नाव समोर पाहिजे आणि तसलीच रात्र काढलेला कुणीतरी बाजूला पाहिजे. घरात एकट्यानं बसून हे होत नाही. म्हणून ही यात्रा जथ्यानं करायची असते, आणि म्हणून तिथं कुणी रडायला लागलं की त्याला गप्प करू नये. पाण्याची बाटली हातात ठेवून शेजारी उभं राहायचं, एवढंच.

आता दिल्लीचं सांगतो. इंडिया गेट तू चित्रात पाहिलं आहेस. पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या अफगाण लढाईत पडलेल्या सत्तर हजारांहून अधिक हिंदी सैनिकांसाठी इंग्रजांनी ते बांधलं. १९३१ साली ते पूर्ण झालं. त्याच्या कमानीखाली २६ जानेवारी १९७२ रोजी अमर जवान ज्योत लागली, ती आमच्या १९७१ च्या लढाईतल्या साथीदारांसाठी. पण स्वतंत्र भारताच्या सैनिकांची नावं एका जागी वाचता येतील असं देशाचं स्मारक व्हायला २५ फेब्रुवारी २०१९ उजाडलं. ते इंडिया गेटच्या शेजारीच आहे. २१ जानेवारी २०२२ रोजी जुनी ज्योत तिथल्या ज्योतीत मिळवली.

स्मारकात एकाभोवती एक अशी चार चक्रं आहेत. मधोमध अमर चक्र, तिथं स्तंभ आणि ज्योत. मग वीरता चक्र, त्यात सहा लढायांची ब्राँझची शिल्पं. आपल्या तुकडीतले पूर्व आघाडीवरचे लोक गंगासागरच्या शिल्पापाशी थांबतील, लान्स नाईक अल्बर्ट एक्का यांच्या लढाईपाशी. त्यांना पुढं रेटू नकोस. त्यानंतर त्याग चक्र आणि सगळ्यात बाहेर रक्षक चक्र, म्हणजे झाडांच्या रांगा. खरं थांबायचं ते त्याग चक्रात. ग्रॅनाइटच्या पाट्या भिंतीत विटांसारख्या बसवल्या आहेत आणि एकेका पाटीवर एकेका सैनिकाचं नाव सोनेरी अक्षरांत आहे. उद्घाटनाच्या वेळीच ती नावं पंचवीस हजारांच्या वर होती.

गेल्या खेपेला तिथं आमच्यातल्या एका हवालदाराला त्याच्या सेक्शनमधल्या मित्राचं नाव शोधायचं होतं. पडद्यावर नाव घालून पाटी कुठं आहे ते शोधता येतं. तिथल्या पोरानं नाव विचारलं, तर यानं आधी मित्राचा आर्मी नंबर सांगितला, मग हुद्दा, मग नाव, मग कंपनी. सगळं एका दमात, जसं हजेरीला सांगतात तसं. स्वतःच्या नातवाचा वाढदिवस त्याला आठवत नाही, पण तो नंबर पाठ होता. पाटी सापडली. त्यानं काठी सोबतच्या पोराकडे दिली, बेरे नीट केली, मेडलांवरून हात फिरवला आणि सावधान उभा राहून सॅल्यूट केला. मग पाटीवर तळवा टेकवून म्हणाला, ‘लंगरात हा डाळीला गूळ मागायचा. सगळे हसायचे त्याला.’ आणि मग त्याला रडू आवरेना.

सोबतच्या पोरानं त्या वेळी जे केलं ते तू ध्यानात ठेव. त्यानं मोबाईल खिशातच ठेवला. थोड्या वेळानं हळूच विचारलं, ‘गाव कुठलं हो त्यांचं?’ बस्स. परतीच्या गोवा एक्स्प्रेसमध्ये तो हवालदार भुसावळ येईपर्यंत त्या मित्राबद्दल बोलत होता. त्याच्या सुनेनं नंतर मला सांगितलं, लग्न होऊन या घरात आल्यापासून मामंजींच्या तोंडून लढाईचा शब्द तिनं ऐकला नव्हता.

म्हणून माझं सांगणं आहे, प्रश्न विचार, पण कुठला विचारायचा ते समजून घे. ‘तुम्ही किती मारले?’ हे कुणालाही विचारू नकोस. सिनेमात असं दाखवलंय, खरं होतं का, हेही नको. गेलेल्याचं गाव विचार, त्याला काय आवडायचं ते विचार, तो पत्रं कुणाला लिहायचा ते विचार. पराक्रम सांगायला पुस्तकं आहेत, सरकारी नोंदी आहेत. डाळीतला गूळ मात्र फक्त त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात आहे आणि तो गेला की कायमचा गेला.

फोटो काढ, पण सॅल्यूट झाल्यावर. संध्याकाळी तिथं शहिदाच्या घरच्यांच्या हातून पुष्पचक्र वाहतात. त्या वेळी आपली माणसं पुढं बसतील असं बघ. परमयोद्धा स्थळावर परमवीरचक्र मिळालेल्या २१ जणांचे पुतळे आहेत. तिथं रामा राघोबा राणे यांच्यापाशी थोडा वेळ काढ. बॉम्बे सॅपर्सचे हे अधिकारी १९४८ साली नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे गोळीबारात काढत रणगाड्यांना वाट करून देत गेले. आपल्या तुकडीत सॅपर्सचे दोघं-तिघं असतात. त्यांना विचारलंस तर सुरुंग कसा काढतात ते हातवारे करून दाखवतील.

आता एक गोष्ट मी माझ्या अनुभवातून सांगतो, कारण तुझ्या वयाच्या पोरांची शत्रूच्या बाबतीत फार लवकर वाट चुकते. १९७१ च्या डिसेंबरात आमची जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा, ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसली होती. आमचे सी. ओ. लेफ्टनंट कर्नल ब्रार. शहरात पाकिस्तानची ३१ बलुच. ९ डिसेंबरला आमच्या ब्रिगेडियर साहेबांनी शरण या असं पत्र एका म्हाताऱ्या गावकऱ्याच्या हाती सायकलवरून पाठवलं. उत्तर आलं, त्यात गुंडाळून एक गोळी होती. १० डिसेंबरच्या रात्री ते आमच्या मोर्चावर चालून आले आणि सकाळी जमालपूर पडलं. पाच दिवसांनी ढाक्याची शरणागती झाली.

ही गोष्ट आम्ही मोठ्यानं सांगतो, सांगावीच. पण सकाळी त्या रस्त्यावर पडलेली माणसं मी पाहिली आहेत. तीही कुणाची तरी पोरं होती आणि हुकमानंच आली होती. त्यांनी गोळी पाठवली आणि त्याप्रमाणे लढलेही. जो शत्रूशी लढला तो शत्रूबद्दल वाईटसाईट बोलत नाही, हे तुला या प्रवासात दिसेल. जो लढला नाही तोच फार ओरडतो. स्मारकावर जाऊन द्वेष घेऊन परत येऊ नकोस. तिथल्या एकाही पाटीवर द्वेष कोरलेला नाही.

आठवण ठेवण्याचं दूरचं एक उदाहरण देतो. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे, आपल्याच रेजिमेंटचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत वरच्या टायबर खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले आणि तिथंच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय अवघं २२. त्यांची कबर नाही. कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. २०२३ च्या जुलैत इटलीतल्या मोंतोने गावानं त्यांच्या नावानं एक सूर्यघडी उभारली आणि तिच्यावर कोरलं की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. जे गाव त्यांचं नाही, जी भाषा त्यांना येत नव्हती, तिथल्या लोकांनी जवळजवळ ऐंशी वर्षांनी ही आठवण ठेवली. मग आपल्याच तालुक्यातली नावं आपल्याला ठाऊक नसतील तर ते आपल्याला शोभत नाही. अपशिंग्याकडे बघ. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण पडले. तिथल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. प्रत्येक गाव असं असायला हवं.

द्रासबद्दल थोडं काळजीचं. श्रीनगरहून जोझिला ओलांडून जावं लागतं आणि द्रास दहा हजार फुटांच्या वर आहे. ज्यांना हृदयाचा, दम्याचा, रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना दाखवूनच निघायचं. कुणी लपवत असेल तर सुनेला फोन करून खरं काढून घे. फौजी माणूस दुखणं सांगत नाही. सोनमर्गला मुक्काम ठेवा, घाई करू नका. गोळ्या कुणाच्या कधी ते तुझ्या वहीत असू दे आणि ईसीएचएसची, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची, कार्डं एका पाकिटात.

कारगिल युद्धाचं स्मारक तोलोलिंगच्या पायथ्याशी, हमरस्त्यालगतच आहे. त्या रस्त्यावर उभं राहून वर बघ, म्हणजे ती टेकडी का घ्यावीच लागली ते नकाशाशिवाय कळेल. वर बसलेल्या माणसाला खालचा प्रत्येक ट्रक दिसत होता आणि लेहला जाणारी रसद याच रस्त्यानं जायची. अठरावी ग्रेनेडियर्स आधी चढली, मेजर राजेश अधिकारी तिथं पडले. शेवटी १३ जून १९९९ रोजी दुसऱ्या राजपुताना रायफल्सनं तोलोलिंग घेतलं. त्या युद्धात आपले ५२७ जण गेले. आपल्या तुकडीतले कारगिलवाले आता पन्नाशीच्या आसपास आहेत, आमच्यापेक्षा तरुण. लोक त्यांना अजून म्हातारे समजत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आमच्या बरोबरीनं त्यांच्याकडेही लक्ष ठेव. नावांच्या भिंतीपाशी बोट वर करून एखादा म्हणेल, ‘त्या कड्याच्या खाली.’ एवढंच म्हणेल आणि थांबेल. तूही थांब.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. निघण्याआधी प्रत्येकाकडून विचारून घे की तिथं कुणाचं नाव बघायचं आहे. नाव, नंबर, पलटण, गाव, सगळं वहीत उतरव. आणि परत आल्यावर, महिन्याच्या आत, त्यातल्या निदान आपल्या जिल्ह्यातल्या घरी जा. पाटीचा फोटो घेऊन जा आणि ज्यानं पाटीवर हात ठेवला त्याला सोबत ने. भाऊ भेटेल, पुतण्या भेटेल, एखाद्या घरी वीरपत्नी अजून असेल.

तिच्यापुढं भाषण करू नकोस. फोटो दे, चहा घे, आणि तिची पेन्शन नीट येते का ते विचार. पेन्शनचं काम आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन यंत्रणेवर गेलं आहे आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. जन्मभर खुरपणी केलेल्या बाईच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, मग पोरगा तिला चार ठिकाणी फिरवतो आणि शेवटी कंटाळतो. तुला संगणक येतो. तू तिला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा, कागद बघ, तिचं काम होईपर्यंत पाठपुरावा कर. ज्याच्या नावापुढं तू दिल्लीत मान लवलीस, त्याच्या घरचं एवढं काम तुझ्याकडून झालं तरच त्या मान लवण्याला अर्थ. नाहीतर ती सहल झाली.

तू विचारलंस, न्यायचं कशाला. आम्हाला जायचं असतं कारण आमचं बोलणं राहिलेलं असतं. तुम्हा पोरांना सोबत न्यायचं ते यासाठी, की आमच्यानंतर ती घरं कुणाला तरी माहीत असावीत. आमच्या पिढीतले दर वर्षी कमी होत चालले आहेत. वहीची एक प्रत माझ्याकडे पाठव. जी नावं मला ठाऊक आहेत त्यांच्यापुढं घरांचे पत्ते मी लिहून देतो. बाकीचे तू शोध.

गरम कपडे घे. आईला आशीर्वाद सांग.

तुझा,
आबा