हे चित्र कुणाचं? : कलावंताला जागा, वेळ आणि नाव देण्याविषयी एक पाठ



आमची शाळा अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आहे. अनेक शाळांप्रमाणे आमच्या व्हरांड्यातही गेरूवर पांढऱ्या रंगातली वारली चित्रं आहेत. मोबाइलवर नमुना पाहून ती आम्हीच काढली. एकदा सातवीतल्या मुलीने विचारलं, "बाई, हे चित्र कुणाचं?"

मी म्हटलं, "आदिवासींचं."

"हो, पण काढणाऱ्याला नाव असेल ना?"

मी गप्प झाले. वर्गातली निम्मी मुलं ठाकर आणि महादेव कोळी समाजातली. त्यांच्यासमोर मी एका माणसाची मेहनत सगळ्या जमातीच्या नावावर टाकून मोकळी झाले होते. त्या प्रश्नातून हा पाठ तयार झाला. सहावी ते आठवीला कलेच्या किंवा इतिहासाच्या तासाला घेता येईल.

गोष्ट पहिली : गंजाड

वारली चित्रं मुळात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर सवाशिणी काढायच्या. रंग तांदळाच्या पिठाचा, कुंचला बांबूच्या काडीचा. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांची आई ते लहान असतानाच गेली. त्या धक्क्याने त्यांचं बोलणं थांबलं आणि ते मातीत चित्रं काढून मनातलं सांगू लागले. पुढे ते लग्नाची वाट न पाहता रोज चित्रं काढू लागले.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी हस्तकला विभागाकडून चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले. त्यांनी वारली कलावंतांना कागद दिला, प्रोत्साहन दिलं आणि ती चित्रं शहरापर्यंत नेली. पुढे म्हसे यांची चित्रं १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. २००३ साली जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्या बरोबरीने त्यांचं प्रदर्शन झालं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मुलांना विचारा : हात तेच, काडी तीच. मग बदललं काय? कागद मिळाला, भिंत मिळाली आणि चित्राखाली नाव आलं.

गोष्ट दुसरी : हार्लेम

न्यूयॉर्कमधली हार्लेम ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती. मोठ्या संग्रहालयांत कृष्णवर्णीय कलावंतांना फारशी जागा मिळत नव्हती, तेव्हा १९६८ साली तिथे 'स्टुडिओ म्युझियम' सुरू झालं. ते एका भाड्याच्या जागेत होतं. नावातच स्टुडिओ आहे, कारण संग्रहालयाच्या छताखालीच कलावंताने काम करावं ही कल्पना. निवडलेल्या कलावंतांना कामाची खोली, आर्थिक मदत आणि शेवटी प्रदर्शन मिळतं. याला 'रेसिडेन्सी' म्हणतात. आपण 'निवासी कलावंत योजना' म्हणू. आज जगप्रसिद्ध असलेले केरी जेम्स मार्शल आणि केहिंदे वायली इथूनच पुढे गेले.

इतक्या लांबची गोष्ट आपल्या मुलांना कशाला? तर हे नातं जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या लोकांना अर्पण केलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तिचं नावही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. आपली चित्रं, आपली कविता, आपली भिंत असावी ही मागणी दोन्हीकडे एकच होती.

वर्गात चर्चेसाठी

१. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते कलेच्या नावाचं रक्षण करतं. पण एकेका कलावंताचं नाव कोण जपणार?
२. साडीवर, कपावर वारली नक्षी छापली, तर पैसे कुणाला मिळायला हवेत?
३. 'लोककला' म्हटलं की आपण चित्रकाराचं नाव का विचारत नाही?

कृती : शाळेत तीन दिवसांचा पाहुणा कलावंत

आपल्या परिसरात बांबूच्या टोपल्या विणणारे, कुंभार, चित्रं काढणारे तरुण असतातच. त्यातल्या एकाला बोलवा. चार गोष्टी मात्र पाळा.

- मानधन आधी ठरवा. "मुलांसाठी या की" म्हणून फुकट बोलावू नका. त्यांची तीन दिवसांची मजुरी बुडते. व्यवस्थापन समिती आणि पालकांनी मिळून तेवढी रक्कम उभी करावी.
- एक खोली त्यांच्यासाठी मोकळी ठेवा. मुलांनी शांतपणे बघायचं, मग विचारायचं.
- विषय त्यांना ठरवू द्या. "स्वच्छतेवर काढा" असं सांगितलं की पाहुण्याचा पेंटर होतो.
- शेवटच्या दिवशी प्रदर्शन भरवा. प्रत्येक वस्तूखाली नाव, गाव, साहित्य आणि लागलेला वेळ लिहा. चिठ्ठ्या मुलांनीच लिहाव्यात.

पालकांनो, जत्रेत किंवा प्रदर्शनात हातची वस्तू घेताना घासाघीस करण्याआधी करणाऱ्याचं नाव विचारा. पोरं आपलं बघूनच शिकतात.

आमच्या व्हरांड्यातल्या चित्राखाली आता पाटी आहे. त्या मुलीनेच लिहिली : "हा नमुना आम्ही मोबाइलवरून घेतला. मूळ चित्रकाराचं नाव सापडलं नाही. शोधतो आहोत." पाटीवरचं अक्षर थोडं तिरकं आहे. मी ते पुसून पुन्हा लिहायला लावलं नाही.