जुन्या जीपची निगा

मुंबईत माटुंगा स्टेशनाजवळ रेल्वेचा एक विस्तीर्ण कारखाना आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १९१५ साली तो स्थापन केला. आज तो मध्य रेल्वेच्या ताब्यात आहे. धावून धावून थकलेले डबे नीट करून त्यांना पुन्हा रुळांवर पाठविणे हे या कारखान्याचे मुख्य काम. तेथील एक नियम मोठा मार्मिक आहे. डबा मोडला म्हणूनच तो तेथे येतो असे नाही. ठरावीक मुदत भरली की उत्तम चालणारा डबाही आत घेतला जातो. त्याची चाके, त्याचे ब्रेक सुटे करून तपासले जातात, झिजलेले भाग बदलले जातात, आणि मगच तो उतारूंच्या सेवेला परत जातो. बिघाडाची वाट पाहत बसावयाचे नाही, हे त्या नियमाचे मर्म होय.

याच माटुंग्यात, एखाद्या जुन्या इमारतीच्या आवारात, झाडाखाली उभी असलेली जुनी डिझेल जीप क्वचित दृष्टीस पडते. नव्या, चकचकीत मोटारींच्या रांगेत ती जराशी ओबडधोबड दिसते. परंतु रविवारी सकाळी तिचा मालक हातात पाना घेऊन तिच्याजवळ येतो, बॉनेट उघडतो, आणि आजूबाजूची मुले खेळ सोडून भोवती गोळा होतात. नव्या मोटारीचे बॉनेट उघडले तर आत बहुधा झाकणेच झाकणे दिसतात. या जीपचे एंजिन मात्र उघड्या पुस्तकासारखे असते. कोणती नळी कोठून निघाली आणि कोठे गेली, हे बोट ठेवून दाखविता येते. म्हणूनच तिची पुष्कळशी देखभाल घरच्या घरी करणे शक्य होते.

जीप हे वाहन मूळचे दुसऱ्या महायुद्धातले. चिखल, वाळू, डोंगर कशालाही न जुमानणारी, चारही चाकांना एंजिनाचे बळ मिळणारी ही छोटी गाडी अमेरिकेत १९४१ सालापासून फार मोठ्या संख्येने तयार होऊ लागली. १९४५ साली लुधियाना येथे स्थापन झालेल्या व १९४८ साली 'महिंद्र आणि महिंद्र' हे नाव धारण केलेल्या कंपनीने स्वातंत्र्यानंतर लवकरच ती भारतात आणली आणि मुंबईत माझगाव येथे तिचे सुटे भाग जोडण्यास प्रारंभ केला. आरंभीच्या जीपगाड्या पेट्रोलवर चालत. डिझेल स्वस्त पडते व डिझेल एंजिन ओझे ओढण्यास दमदार असते, म्हणून पुढे डिझेल जीप आली. १९८० नंतरच्या अनेक जीपगाड्यांत फ्रान्समधील प्यूजो कंपनीच्या धाटणीचे एंजिन बसविलेले असे. त्याच्या नावातील '४.९०' हा आकडा पाहून पुष्कळांना ती दशांशातील संख्या वाटते. तिचा अर्थ अगदी साधा आहे: सिलिंडर ४, आणि प्रत्येक सिलिंडरचा व्यास ९० मिलिमीटर.

डिझेल हे एका माणसाचे नाव आहे. रुडोल्फ डिझेल हा जर्मन अभियंता १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मला, आणि १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे त्याने आपले एंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. त्याची कल्पना समजण्यासाठी सायकलचा पंप पुरे. चाकात जोराने हवा भरल्यानंतर पंपाच्या टोकाला हात लावला तर तो गरम लागतो, कारण दाबलेली हवा तापते. डिझेल एंजिनात हवा दाबून तिचे आकारमान फारच कमी केले जाते. मग ती इतकी तापते की तिचे उष्णतामान पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या तप्त हवेत नोझलमधून डिझेलची बारीक फवारणी होताच ते आपोआप पेट घेते. पेट्रोलच्या एंजिनाला लागते तशी विजेची ठिणगी येथे लागत नाही. एंजिन थंड असताना आतली जागा थोडी ऊबदार करण्यापुरता हीटर प्लग असतो, इतकेच. पुष्कळशा जुन्या डिझेल गाड्यांत एंजिन बंद करण्यासाठी एक खुंटी ओढावी लागते, त्याचेही कारण हेच. ठिणगीच नसेल तर ती तोडणार कशी? खुंटी ओढली की डिझेलचा पुरवठा तुटतो आणि एंजिन शांत होते.

ही गोष्ट नीट ध्यानात आली म्हणजे देखभालीचे निम्मे शास्त्र हाती आले असे समजावे. ठिणगीची कटकट नाही; तेव्हा या एंजिनाला हवे काय, तर स्वच्छ हवा, स्वच्छ डिझेल आणि वंगणासाठी चांगले ऑइल. रोज सकाळी, एंजिन थंड असताना, ऑइलची पट्टी बाहेर काढून पुसावी, पुन्हा आत घालावी आणि पातळी पाहावी. डिझेल एंजिनातील ऑइल काजळीमुळे थोड्याच दिवसांत काळे होते, म्हणून नुसत्या काळेपणाने घाबरून जाऊ नये. भ्यावयाचे ते ऑइल दुधाळ दिसले तर; कारण त्याचा अर्थ आत पाणी शिरले आहे.

डिझेलच्या मार्गात एक फिल्टर असतो. तो मुदतीने बदलावा लागतो, आणि तो बदलल्यावर एंजिन पुष्कळदा सुरूच होत नाही. नवख्या माणसाची येथे त्रेधा उडते. बॅटरी उतरेपर्यंत तो चावी फिरवीत राहतो. दोष बॅटरीचा नसतो. डिझेलच्या नळीत हवा अडकलेली असते. हवा दाबली की आकसते, त्यामुळे पंपाने दिलेला सारा दाब ती गिळून टाकते आणि नोझलपर्यंत तो पोहोचतच नाही. अशा वेळी फिल्टरवरचा छोटा स्क्रू किंचित सैल करून हातपंप दाबीत राहावे. आधी फसफसते बुडबुडे येतात, मग बुडबुडे आणि डिझेल मिसळून येते, आणि शेवटी स्वच्छ, अखंड धार लागते. धार लागताच स्क्रू आवळावा. या कामाला मेस्त्री लोक 'एअर काढणे' म्हणतात. याला बळ मुळीच लागत नाही. लागतो तो धीर.

अनुभवी माणूस बॉनेट उघडण्यापूर्वी मागे जाऊन धूर पाहतो. धूर काळा असेल तर डिझेल पुरते जळत नाही, हे निश्चित. एक तर हवेचा फिल्टर धुळीने बुजलेला असतो, किंवा नोझल झिजून डिझेलची फवारणी होण्याऐवजी थेंब ठिबकत असतात. निळसर धूर म्हणजे एंजिन स्वतःचे ऑइलच जाळीत आहे. पांढरा धूर थंड सकाळी थोडा वेळ येऊन थांबला तर चिंता नाही. एंजिन तापल्यावरही तो येतच राहिला आणि रेडिएटरमधील पाणीही कमी होऊ लागले, तर हेडखालचे गॅस्केट गेले असावे. काळ्या धुराकडे 'जुनी गाडी आहे, धूर सोडायचीच' असे म्हणून डोळेझाक करणारे लोक आढळतात. हे म्हणणे खरे नाही. निगा राखलेले जुने एंजिन काळे लोट सोडीत नाही. शिवाय तो धूर ज्यांच्या खिडक्यांतून आत जातो, त्यांत दम्याचे रुग्ण असतात, तान्ही मुले असतात. धुराची तपासणी करून प्रमाणपत्र घेण्याची सक्ती आहे ती उगीच नव्हे.

माटुंग्यातील जीपची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. किंग्ज सर्कल आणि त्याच्या शेजारचा गांधी मार्केटचा परिसर सखल आहे. मुसळधार पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की तेथे पाणी तुंबते, हे मुंबईकरांना पाठ झालेले आहे. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा हजारो मोटारी रस्त्यांवर बुडाल्या. अशा पाण्यात पेट्रोलच्या जुन्या गाड्या ठिणगीची व्यवस्था भिजली की लगेच बंद पडतात. डिझेल जीपला ते भय नसते, म्हणून ती गुडघाभर पाण्यातून दिमाखाने निघून जाते. आणि नेमका येथेच चालकाला मोह होतो. गुडघाभर पाणी जमले, मग मांडीभर का नको?

याचे उत्तर त्या सायकलच्या पंपातच आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. एंजिन ज्या तोंडाने हवा ओढते, त्या तोंडापर्यंत पाणी चढले तर ते सिलिंडरमध्ये शिरते. दट्ट्या वेगाने वर येतो, पाणी तसूभरही आकसत नाही, आणि दट्ट्याला जोडलेला पोलादी दांडा वाकतो. एका क्षणात एंजिन निकामी होते. म्हणून पाण्यात गाडी बंद पडली आणि आत पाणी गेल्याची शंका आली, तर पुन्हा चावी फिरविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. गाडी ढकलून कोरड्या जागी न्यावी. नोझल किंवा हीटर प्लग काढून एंजिन हाताने सावकाश फिरवावे, म्हणजे आतले पाणी त्या छिद्रांतून बाहेर पडते. दहा मिनिटांची ही उतावीळ टाळली तर एंजिन वाचते.

पाण्यातून सुखरूप बाहेर आलेल्या जीपचेही काम संपलेले नसते. चालून तापलेले डिफरन्शिअल थंड पाण्यात बुडाले की त्याच्या आतली हवा आकसते आणि बारीकशा फटीतूनही पाणी आत ओढले जाते. तेव्हा दुसऱ्या दिवशी खालचा बोल्ट सैल करून थोडे ऑइल बाहेर घ्यावे व पाहावे. ते दुधाळ असेल तर सारे बदलावे. कमानीचे पाटे आणि शाफ्टचे सांधे यांत ग्रीसगनने नवे ग्रीस भरावे, म्हणजे पाण्याने बिघडलेले जुने ग्रीस बाहेर ढकलले जाते. ब्रेकचे ड्रम ओले झाले की ब्रेक लागत नाहीत. पाण्यातून बाहेर येताच काही अंतर सावकाश जाऊन पायाने ब्रेक हलके हलके दाबावे. घर्षणाच्या उष्णतेने ते सुकतात.

घरी काय करावे याइतकेच घरी काय करू नये हेही जाणले पाहिजे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये; जॅक निसटला तर क्षणाचाही अवधी मिळत नाही. गाडी भक्कम स्टँडवर टेकवावी, जमिनीवरच्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, आणि मगच खाली जावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. डिझेलची फवारणी करणाऱ्या नोझलपुढे बोट धरू नये. त्या धारेचा दाब इतका प्रचंड असतो की ती कातडी भेदून आत शिरते, आणि वरून जखम टाचणीएवढी दिसली तरी बोट गमावण्याची पाळी येते. मुलांनी पाने पुसून द्यावेत, बॅटरीचा उजेड धरावा, बोल्ट ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने ताटलीत मांडून ठेवावेत. हे काम लहान नव्हे. क्रम चुकला तर जोडणाऱ्याची संध्याकाळ वाया जाते. डिझेलचा पंप उघडणे, नोझलचा दाब लावणे ही कामे मात्र जाणत्या मेस्त्रीकडेच द्यावीत, कारण त्यांना यंत्रावर तपासावे लागते. ब्रेकच्या बाबतीत तर हौसेला जागाच नाही. थळ घाट किंवा बोरघाट उतरताना साऱ्या जिवांचा भार त्या ब्रेकवर असतो.

एंजिनातून काढलेले काळे ऑइल गटारात ओतणारे लोक अजूनही आहेत. हे अत्यंत गैर आहे. माटुंग्याचे नाले अखेर समुद्राला मिळतात, आणि तेलाचा तवंग पाण्यावर दूरवर पसरतो. ते डब्यात भरून, जो गॅरेजवाला जुने ऑइल शुद्धीकरणासाठी पाठवितो त्याच्या स्वाधीन करावे.

खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन ती दर ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. जो मालक रेल्वेच्या कारखान्याप्रमाणे मुदतीने काम करीत आला, त्याला या तपासणीची धास्ती वाटत नाही. असे मालक एक वही ठेवतात. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर ऑइल बदलले, फिल्टर कधी घातला, कोणता आवाज प्रथम केव्हा ऐकू आला, सारे तीत लिहिलेले असते. ही वही घरात नव्हे, तर जीपमध्येच ठेवतात. कारण कसाऱ्याजवळ गाडी अडली आणि एखादा अनोळखी मेस्त्री मदतीला आला, तर पाना हाती घेण्याआधी तो विचारतो, ''यापूर्वी हिचे काय काय काम केले आहे?''