ऊसतोड महिला आणि शरीराचा समतोल

दिवाळी सरली की गेवराई तालुक्यातील अनेक वस्त्या ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, म्हणजेच ऊसतोडीच्या भाषेतील ‘कोयते’, दूरच्या साखर कारखान्यांची वाट धरतात. कामाचा दिवस बुडाला की खाड्याची रक्कम कापली जाते. परिणामी पोटदुखी, अतिरक्तस्राव, अंगावरून पांढरे जाणे या तक्रारी अंगावरच काढल्या जातात. आणि अखेरीस ‘पिशवी’ काढणे हाच कायमचा उपाय वाटू लागतो.

या प्रश्नाच्या चौकशीसाठी शासनाने २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढल्याचे आढळून आले.

तुटलेला संवाद

मेंदूतील हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला आणि ती बीजांडकोशांना कार्यप्रवृत्त करते. बीजांडकोश आपल्या संप्रेरकांद्वारे मेंदूस उलट निरोप धाडतात. गर्भाशयासोबत दोन्ही बीजांडकोशही काढल्यास इस्ट्रोजेन एकाएकी घटते व हा संवाद तुटतो. मज्जासंस्थेचे तापमान-नियंत्रण बिघडून अंगाची लाही होते, घाम सुटतो, झोप उडते. चयापचयावरही परिणाम होतो : हाडे झिजतात, रक्तातील मेद वाढतो आणि हृदयविकाराचा धोका बळावतो. बीजांडकोश राखले, तरी त्यांचे कार्य काही वर्षे आधी मंदावण्याचा संभव असतो.

समतोल कसा साधावा ?

आपले बीजांडकोश काढले आहेत किंवा नाहीत, हे प्रत्येक शस्त्रक्रिया झालेल्या महिलेने कागदपत्रांवरून जाणून घ्यावे. अकाली ते गमावलेल्या महिलेस, अन्य प्रतिबंधक कारण नसल्यास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरकोपचार देता येतात. नाचणी, तीळ, दूध व डाळी यांचा आहारात समावेश, पुरेशी झोप, तंबाखू-मिश्री वर्ज्य करणे, तसेच रक्तदाब, रक्तशर्करा व हिमोग्लोबिन यांची नियमित तपासणी हे उपाय उपकारक ठरतात.

तथापि मोडलेला समतोल सावरण्यापेक्षा तो राखणे श्रेयस्कर होय. कर्करोगासारख्या व्याधीत ही शस्त्रक्रिया जीवदान देते. मात्र अंगावरून पांढरे जाणे हे बहुधा औषधाने बऱ्या होणाऱ्या जंतुसंसर्गाचे लक्षण असते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी शासकीय रुग्णालयात दुसरा सल्ला अवश्य घ्यावा. फडाजवळ स्वच्छ पाणी व शौचालय, आणि आजारपणात खाड्याविना विश्रांती मिळाली, तर अनेकींवर शस्त्रक्रियेची वेळच येणार नाही.