दोरी, चौरस आणि मन

मंदिराच्या महाद्वारातून आत आलेल्या भाविकाची दृष्टी प्रथम शिखराकडे जाते. कळस, मूर्तिकाम, स्तंभांवरील नक्षी यांचे कौतुक होते आणि ते योग्यही आहे. परंतु हे सर्व ज्यावर उभे आहे, तो जमिनीवर आखलेला साधा चौरस मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दगडाचा पहिला थर बसण्यापूर्वी तेथे केवळ चार खुंट्या आणि त्यांना ताणलेली दोरी होती. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीचा विचार करण्यासाठी भारतीय मनाने जी साधने घडविली, त्यांत या दोरीने आखलेल्या साध्या आकृतींचे स्थान फार वरचे आहे.

वैदिक यज्ञवेदींच्या रचनेचे नियम सांगणाऱ्या ग्रंथांना शुल्बसूत्रे म्हणतात. शुल्ब म्हणजे दोरी. बौधायन, आपस्तंब, कात्यायन आणि मानव ही त्यांतील चार प्रमुख सूत्रे होत. यांपैकी बौधायनाचे सूत्र सर्वांत प्राचीन मानले जाते व त्याचा काळ सर्वसाधारणपणे इसवी सनापूर्वी आठव्या ते पाचव्या शतकांच्या दरम्यान धरला जातो. या सूत्रकारांजवळ आजच्यासारखी बीजगणिताची चिन्हे नव्हती. त्यांचा सारा विचार आकृतीतून चालत असे.

पूर्व दिशा कशी ठरवावी, हा वेदीच्या आखणीतील पहिला प्रश्न. कात्यायनाने सांगितलेली रीत अशी. सपाट जमिनीवर शंकू, म्हणजे एक सरळ काठी, उभा करावा. त्याच्याच लांबीच्या दोरीने त्याच्याभोवती वर्तुळ काढावे. सकाळी लांब असलेली सावली आखडत येते आणि तिचे टोक पश्चिमेकडून वर्तुळाला स्पर्श करून आत शिरते. दुपारनंतर ती वाढते आणि टोक पूर्वेकडून बाहेर पडते. या दोन ठिकाणी खुंट्या रोवून जोडलेली रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम रेषा. आकाशातील सूर्याच्या गतीला अंगणातील एका वर्तुळात पकडण्याची ही युक्ती आहे.

खरी कसोटी पुढे लागते. एका चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवा असेल तर काय करावे? बाजू दुप्पट करावी, असे उत्तर बहुतेकांच्या तोंडी प्रथम येते आणि ते चुकते, कारण त्याने क्षेत्रफळ चौपट होते. (प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस हाच प्रश्न एका गुलाम मुलाला विचारतो आणि तो मुलगाही प्रथम हीच चूक करतो.) बौधायनाचे उत्तर एका ओळीचे आहे: चौरसाच्या कर्णाएवढी बाजू घेऊन काढलेला चौरस मूळच्या दुप्पट होतो.

याची खात्री दर्शनरांगेत उभे असताना सभामंडपाच्या फरशीवरही करता येते. चार चौकोनी फरश्या जेथे एकत्र मिळतात तो बिंदू पाहावा. त्या बिंदूतून न जाणारा प्रत्येक फरशीचा कर्ण मनात काढावा. चार कर्णांचा मिळून एक तिरपा चौरस तयार होतो. त्यात प्रत्येक फरशीचा अर्धा भाग येतो. चार अर्धे म्हणजे दोन फरश्या. आणि त्या चौरसाची बाजू म्हणजे एका फरशीचा कर्ण. सोबत आलेल्या मुलांना हे दाखवून पाहावे. आकडेमोड न करता, केवळ पाहून, त्यांना ते पटते.

येथेच एक गूढ गोष्ट समोर येते. ही तिरपी बाजू आकृतीत अगदी नेमकी मिळते, पण अंकांत ती कधीच पूर्ण मिळत नाही. बौधायनाने तिचे मोल असे दिले आहे: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवावा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवावा आणि या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करावा. हे उत्तर ५७७ भागिले ४०८ इतके येते. एक मीटर बाजूच्या चौरसात त्यातील चूक मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढी आहे. तरीही सूत्रात या मापाला ‘सविशेष’ असे नाव आहे आणि काही अभ्यासक त्याचा अर्थ ‘काही शेष उरलेले’ असा लावतात. तो अर्थ योग्य असेल, तर आपले उत्तर अपुरे असल्याची जाणीव त्या नावातच नोंदली गेली आहे.

चौरसाचे त्याच क्षेत्रफळाचे वर्तुळ करण्याची रीतही बौधायनाने दिली आहे. तिने वर्तुळ सुमारे पावणेदोन टक्के मोठे होते. आधुनिक गणित सारेच्या सारे आपल्याकडे आधीच होते, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. कर्णाचे हे मोल बॅबिलोनमधील मातीच्या पाट्यांवर याहूनही आधीच्या काळात आढळते. शुल्बसूत्रांत जे आहे तेच पुरेसे थोर आहे.

त्याचे सर्वांत सुंदर उदाहरण सोमयागाच्या महावेदीचे. ही वेदी पश्चिमेस ३० पदे, पूर्वेस २४ पदे रुंद आणि ३६ पदे लांब असते. तिचे क्षेत्रफळ ९७२ वर्गपदे आहे, एवढे सांगून आपस्तंब थांबत नाही. ते कसे, हेही सांगतो. दक्षिणेकडील तिरप्या कडेचा निमुळता त्रिकोण कापावा, उलटा करावा आणि उत्तरेकडे लावावा. वेदी २७ पदे रुंद व ३६ पदे लांब असा आयत होते. सत्तावीस छत्तिसे नऊशे बाहत्तर. प्रत्यक्ष वेदी कोणी कापीत नाही. ती पवित्र भूमी असते. कापणे आणि जोडणे हे सर्व मनात घडते. हातातील दोरी येथे बाजूला पडते आणि आकृती विचाराचे साधन बनते.

श्येनाच्या, म्हणजे ससाण्याच्या, आकाराच्या चितीत हाच विचार आणखी पुढे जातो. पहिल्या वेळी तिचे क्षेत्रफळ साडेसात वर्गपुरुष असते. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या यजमानाची उंची. पुढील चयनात एक वर्गपुरुष वाढवायचा, पण पक्ष्याचा आकार तिळमात्र बदलू द्यायचा नाही. त्यासाठी वाढीव चौरसाचे पंधरा भाग करून दोन-दोन भाग प्रत्येक वर्गपुरुषात मिसळावेत, असे सूत्र सांगते. अर्ध्या वर्गपुरुषाच्या वाट्याला एक भाग येतो आणि हिशेब पूर्ण होतो. माप वाढले तरी रूप तेच राहते, ही कल्पना येथे विटांतून उमगलेली दिसते. १९७५ साली केरळातील पांजाळ येथे झालेल्या अग्निचयनात अशी पक्ष्याच्या आकाराची चिती विटांनी रचण्यात आली होती व त्या सोहळ्याचे चित्रीकरणही झाले.

मंदिर-वास्तूने हा चौरस वेदीकडून घेतला, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मंदिरासाठी ६४ पदांचा, म्हणजे आठ गुणिले आठ घरांचा, चौरस सांगितला आहे. मधली चार पदे ब्रह्माची. इतर देवतांना त्यांच्या त्यांच्या दिशेची पदे. गाभारा एकूण रुंदीच्या अर्धा असावा, असाही नियम तेथे आहे. म्हणजे ६४ पैकी १६ पदे गाभाऱ्याला आणि उरलेली ४८ भोवतीच्या भिंतींना. मूर्तीभोवतीच्या त्या घनगंभीर अंधाराचे कारण बरेचसे या जाड भिंतींत आहे. शिल्पग्रंथांत मंदिर बांधणाऱ्या मुख्य कारागिराला ‘सूत्रधार’ म्हणतात. नाटकातला सूत्रधार मराठी माणसास चांगला परिचित आहे. हा मात्र खरोखरच हाती दोरी धरणारा.

आकृतीचा उपयोग ध्यानासाठीही झाला. श्रीयंत्रात नऊ त्रिकोण एकमेकांत गुंफून ४३ लहान त्रिकोण निर्माण होतात आणि साधकाची दृष्टी बाहेरच्या चौकटीपासून मध्यबिंदूकडे क्रमाक्रमाने जाते. ते अचूक काढणे अत्यंत कठीण आहे. एक रेषा किंचित सरकली, की दुसरीकडे तीन रेषांचा छेद चुकतो. यंत्र घरी ठेवल्याने काय लाभ होतो याची चर्चा पुष्कळ होते. एकदा ते स्वतःच्या हाताने काढून पाहिल्यास चित्त किती वेळ एका ठिकाणी राहते, हे मात्र प्रत्येकास लगेच कळेल.

आणि याकरिता विद्वानच असावे लागते असे नाही. पहाटे अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढणारी गृहिणी आधी ओळीने ठिपके मांडते आणि क्षणभर थांबून त्यांच्याकडे पाहते. कमळ अजून कोठेच नसते. कोणता ठिपका कोणत्या ठिपक्याशी जोडायचा, हे तिचे ठरलेले असते; मग चिमूट सैल होते आणि पहिली रेषा पडते.