कंदमुळांचे स्वरस : रुचीचा विचार

पंचविध कषायकल्पनांमध्ये स्वरस ही सर्वांत गुरु कल्पना होय. म्हणूनच शार्ङ्गधराने स्वरसाची मात्रा केवळ अर्धपल, म्हणजे आजच्या मापाने सुमारे २४ ग्रॅम, सांगितली आहे. अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत उद्यानांच्या दाराशी सकाळी फिरावयास येणाऱ्यांच्या हाती जो पाव लिटरचा पेला पडतो, तो या मात्रेच्या दसपट आहे. एवढा रस घशाखाली उतरावा म्हणून त्यात साखर आणि मसाला घालणे ओघानेच येते. आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या मधुमेही रुग्णांपैकी कित्येक जण ‘गाजर-बीटचा रस घेतो’ असे अभिमानाने सांगतात. त्या पेल्यात साखर किती होती, हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

रुचीचा प्रश्न गौण नाही. बेचव स्वरस रुग्ण चार दिवस घेतो आणि पाचव्या दिवशी सोडतो. शास्त्राने मध, गूळ, जिरे, लवण इत्यादींचा प्रक्षेप कोलमात्र, म्हणजे सुमारे ६ ग्रॅम, सांगितला तो उगाच नव्हे. परंतु प्रक्षेपाकडे वळण्यापूर्वी अरुची कोठून येते ते पाहावे, असे आम्हांस वाटते. बहुधा ती द्रव्याच्या निवडीतून येते.

बीटचेच पाहा. या कंदाचे वर्णन संहितांत नाही. त्याचे गुण जिभेने व अनुभवानेच ठरवावे लागतात. त्याचा मातकट वास जिओस्मिन या द्रव्यामुळे येतो आणि ते सालीत अधिक असते. साल जाड काढावी, देठाकडील भाग टाकून द्यावा. उरलेला वास लिंबाच्या रसाने बराच दबतो. गाजराविषयी भावप्रकाशात मधुर, तिक्त, उष्ण, दीपन व ग्राही असे गुण सांगितले आहेत. त्याचे लाल वाण थंडीत उत्तरेकडून मुंबईत येते. रसाला तेच उत्तम; इतर ऋतूंत मिळणारे नारिंगी गाजर घ्यावयाचे तर मधला कठीण दांडा काढावा. गाजर कडू निघाल्यास ते कोठे ठेवले होते, हे दुकानदारांनी पाहावे. पिकणाऱ्या केळ्यांतून व सफरचंदांतून इथिलीन वायू निघतो व त्याच्या सहवासात गाजरात कडवटपणा उत्पन्न होतो. रसाच्या गाड्यांवर ही सारी फळे एकाच टोपलीत असतात!

मुळा कोवळाच घ्यावा. बालमूलक दोषहर आणि जून मुळा त्रिदोषकर, हा चरकाचा भेद रसाच्या बाबतीत जिभेलाही तत्काळ कळतो. मुळ्यानंतर दूध वर्ज्य, हेही रुग्णास सांगावे. आल्याचा रस दहा मिनिटे स्थिर ठेवून तळाचा पांढरा साका टाकून द्यावा. ओली हळद आणि आंबेहळद थंडीत घाटकोपर-मुलुंडच्या बाजारात विपुल असते, कारण तेथील गुजराती कुटुंबे ती लिंबू-मिठात घालून जेवणात घेतात. त्यांच्या या लोणच्यापासून आपण एक गोष्ट शिकावी : हळदीची उग्रता गोडाने नव्हे, आंबट-खारटाने सौम्य होते.

आम्ही वापरतो ते प्रमाण असे : गाजराचा रस ३० मिली, बीटचा १० मिली, आल्याचा २ मिली, ओल्या हळदीचा २ मिली, लिंबाचा ५ मिली, चिमूटभर सैंधव व भाजलेल्या जिऱ्याची पूड. साखर मुळीच नको. ही मात्रा अर्धपलाहून अधिक आहे हे मान्य. म्हणून ती दीप्ताग्नी व्यक्तीसच द्यावी, इतरांस निम्मी.

मात्र काही चवी झाकावयाच्या नसतात. उपनगरांत या मिश्रणात दुधी घालण्याची पद्धत रूढ आहे. दिल्लीत २०१० मध्ये कारल्यासह दुधीचा रस घेतल्यानंतर एका व्यक्तीचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू दुधीचा रस मुळीच घेऊ नये, रस काढण्यापूर्वी तुकडा चाखावा आणि तो अन्य रसांत मिसळू नये, असे सांगितले. कडू दुधीतील कुकरबिटासिन घातक ठरू शकते. मिश्रणात कडवटपणाचा इशारा लोपतो, हाच खरा धोका आहे.

औषधालयाच्या मालकांसाठी आणखी एक गोष्ट. गाजराचा रस आम्ल नसतो. त्यामुळे बंद बाटलीत, पुरेशा थंडाव्याअभावी, बोट्युलिझमचे विष निर्माण करणारे जंतू त्यात वाढू शकतात. अमेरिका व कॅनडात २००६ मध्ये बाटलीबंद गाजर-रसामुळे असे रुग्ण आढळले होते. लिंबू किंवा आवळा येथे रुचीबरोबर संरक्षणही देतो; तथापि चवीपुरते लिंबू बाटलीबंद रसास पुरेसे समजू नये. आमच्या मते दुकानात ताजा रस काढून समोरच प्यावयास द्यावा. घरपोच बाटल्यांचा मोह टाळावा. अशा विक्रीस अन्नसुरक्षा कायदा, २००६ अन्वये नोंदणी लागते. औषधनिर्मितीचा परवाना त्यासाठी चालत नाही.

मूत्राश्मरीच्या रुग्णास बीट देऊ नये, त्यात ऑक्झलेट बरेच असते. वृक्कविकारात पोटॅशियममुळे हे सर्वच रस वर्ज्य समजावेत. रक्तदाबाची औषधे चालू असल्यास बीटच्या रसाने दाब आणखी उतरू शकतो, तेव्हा तो मोजत राहावा. आणि बीट प्रथमच देताना दुसऱ्या दिवशी मूत्र व मल तांबूस दिसू शकतात हे आधीच सांगून ठेवावे, अन्यथा रक्तस्राव समजून रुग्ण रात्रीच दूरध्वनी करतो.