पुराव्यातील पोकळी आणि लेखणी

आपल्या वस्तीचा इतिहास लिहा, असे सांगितले की इयत्ता नववीचा विद्यार्थी दोन ओळी लिहून थांबतो. त्याला भाषा येत नाही म्हणून तो थांबला, असे मानणे अन्यायाचे होईल. वतनदार घराण्यांची दप्तरे असतात, सनदा असतात. याच्या पणजोबाचे नावही कोठे लिहिलेले नसते. खात्रीचे काही हाती नसता लिहावे कसे, हा त्याचा प्रश्न रास्त आहे.

हाच प्रश्न परमपूज्य बाबासाहेबांपुढे फार मोठ्या प्रमाणावर उभा होता. अस्पृश्यतेचा उगम शोधताना त्यांना साखळीचे दुवे जागोजाग तुटलेले आढळले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी ही अडचण लपविली नाही. थेट पुरावा नाही म्हणून संशोधकाने स्वस्थ बसावे, हे त्यांना मान्य नव्हते. ज्ञात दुव्यांमधील पोकळी कल्पनाशक्तीने आणि अंतर्दृष्टीने सांधावी. मात्र हे आपले गृहीतक आहे असे उघड सांगावे, ही त्यांची भूमिका. अश्मीभूत हाडे व दात यांवरून नामशेष प्राणी उभा करणाऱ्या शास्त्रज्ञाची आणि पुसट खुणांवरून चित्र पुरे करणाऱ्या चित्रकाराची उपमा त्यांनी आपल्या कार्याला दिली. या अर्थाने आपला ग्रंथ इतिहासापेक्षाही कलाकृती आहे, असेही म्हटले. इतिहास शिकविणाऱ्या आम्हा मंडळींना हे विधान आजही थोडे अवघडून टाकते, आणि ते बरेच आहे. पराभूत टोळ्यांतील विखुरलेली माणसे गावाबाहेर वसली, या त्यांच्या सिद्धान्तावर मतभेद आहेत. परंतु तो लिहिला गेला म्हणूनच त्यावर वाद होऊ शकतो.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही हीच रीत दिसते. सिद्धार्थाने गृहत्याग का केला, येथपासूनचे कठीण प्रश्न त्यांनी प्रास्ताविकातच मांडले आणि वाचकांनीही त्यांचा विचार करावा अशी अपेक्षा व्यक्त केली. शंका मिटल्यावर लिहू, असे ते म्हणत बसले नाहीत.

लिहिलेले परत येते, तो प्रसंग निराळा. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध लंडनच्या परीक्षकांनी पुन्हा लिहावयास सांगितला. निष्कर्ष न बदलता त्यांनी तो मुंबईत नव्याने लिहिला आणि १९२३ साली तो प्रसिद्ध झाला.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, वस्तीचा इतिहास लिहिताना प्रथम खात्रीचे तेवढेच उतरवा: पाणवठा कोठे होता, विहार कोणी बांधले, शाळेच्या रजिस्टरात आपल्या वस्तीतील पहिले नाव कोणाचे. आजीला जात्यावरच्या ओव्या विचारा. भीमाच्या ओव्यांत पुष्कळ इतिहास आहे. जेथे तर्क करावा लागेल तेथे ‘बहुधा’ हा शब्द निःसंकोच वापरा आणि तर्काचे कारण लगेच पुढे द्या. दोन वृद्धांच्या आठवणी जुळत नसतील तर दोन्ही लिहा, आणि कोणती कोणाची, तेही नोंदवा.