वांदररोटीची लागवड

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून कृष्णा एकच वाहते; परंतु साताऱ्याच्या कातळावर सुखाने नांदणाऱ्या वनस्पतीच्या दृष्टीने सांगलीची काळी जमीन हा परका मुलूख होय, याचा प्रत्यय मला वांदररोटीने आणून दिला. सूर्यफुलाच्या कुळातील हे मांसल खोडाचे, क्वचितच दृष्टीस पडणारे झुडूप उघड्या कड्यांच्या भेगांत वाढते, पावसाळ्यात जाड, निळसर झाक असलेली पाने धारण करते आणि हिवाळ्यात, पाने बहुतेक गळाल्यावर, लांब देठांवर पाकळ्यांची झालर नसलेली फिकट पिवळी फुले मिरविते.

माझ्या अंगणातील झुडपाच्या फांद्या सांगलीच्या एका आप्तांनी मोठ्या हौसेने नेल्या, ऐन आषाढात शेणखत घातलेल्या काळ्या मातीत लावल्या आणि उघडीप मिळताच पाणीही घातले. श्रावण सरण्यापूर्वी सर्व फांद्या बुंध्याशी मऊ पडून कुजल्या. ज्या झाडाने पाण्याचा साठा खोडातच करून ठेवला आहे, त्याच्या मुळांना ओलाव्याहून हवेची निकड अधिक असते.

पुढे त्यांना जी तजवीज सांगितली, तीच येथे नमूद करतो. फुले ओसरल्यावर, फाल्गुनाच्या सुमारास, वीतभर निबर फांदी धारदार सुरीने कापावी. छेद पूर्ण सुकेपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, ती सावलीत ठेवावी आणि मग मुरूम, जाड वाळू व अल्प माती यांच्या मिश्रणात लावावी. माती कोरडी झाल्याखेरीज पाणी देऊ नये; पावसाळ्यात कुंडी पडवीत घ्यावी. उन्हाळ्यातील निष्पर्ण खोड मेले असे समजून त्यावर घागर ओतू नये. बोटाने दाबून ते घट्ट लागले, तर जीव शाबूत आहे.

डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८६० साली ही वनस्पती पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर सुचविली होती, हा इतिहास झाला. आज असा दंश होताच जखम साबण-पाण्याने धुऊन विनाविलंब लस घेणे, याला पर्याय नाही.

रोपासाठी गडावरील झाड उपटू नये, आणि कासचे पठार किंवा सागरेश्वर अभयारण्य येथून तर पानही खुडू नये. परिचिताच्या बागेतील एक फांदी पुरते. मात्र फांद्यांपासून केलेली सर्व झाडे एकाच झाडाची प्रतिरूपे असल्यामुळे एकच रोग सर्वांना ग्रासू शकतो. म्हणून केसाळ बी वाऱ्यावर उडण्यापूर्वी फुलांवर मलमलीचा तुकडा बांधून ते गोळा करावे आणि त्याच हंगामात, वाळूचा अगदी विरळ थर देऊन, पेरावे.